तुमच्या राज्यात कुणालाच देशप्रेम कसं नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी गड, घाटवाटा आणि तलवारी असलेल्या काल्पनिक राज्यांच्या कथा लिहिते. त्यातल्या एका कथामालेत एक नाईकीण आहे, म्हणजे एका खिंडीची वतनदार बाई. राज्यावर परचक्र येतं, राजाची फौज तिच्या खिंडीतून वाट मागते आणि ही बाई खिंड बंद करते. शत्रूला बंद, राजालाही बंद. कारण गादीवर आलेल्या नव्या राजाने तिच्या बापाची सनद, म्हणजे हक्काचा राजाचा कागद, अजून तिच्या नावे करून दिलेली नाही. इथवर वाचलेला जो तो मला विचारतो, ही गद्दार नाही का? आणि तुमच्या राज्यात कुणालाच देशप्रेम कसं नाही?

गद्दार ठरवायचं तर आधी तिने इमान कुणाला दिलं होतं ते बघावं लागेल. तिने ते राजाच्या बापाला दिलं होतं. बाप गेला, नव्याने शब्द घेतला नाही, शब्द दिला नाही. तिच्या लेखी व्यवहार अर्धवट पडलाय.

हे मी हवेतून काढलेलं नाही, मावळातून उचललंय. १६५९ च्या जूनमध्ये कारीच्या कान्होजी जेध्यांना विजापूरहून फर्मान आलं की अफझलखानाला जाऊन मिळा. हुकूम मोडला तर देशमुखी, म्हणजे पिढीजात चालत आलेलं वतन, जाणार, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शेजारचे उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी मात्र पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे आले. वतनाचं काय, असा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे वतनावर पाणी सोडलं. आपण हे स्वराज्यनिष्ठेचं उदाहरण म्हणून ऐकत मोठे झालो, आणि ते आहेच. पण जेध्यांच्या घराण्याच्या करिन्यात, म्हणजे जुन्या लेखी हकिकतीत, कान्होजी बोलतात ते शहाजीराजांना दिलेल्या इमानाबद्दल. राजांनी शपथ घेऊन तुमच्याकडे पाठवलं, त्यात अंतर पडायचं नाही. म्हणजे एका माणसाला दिलेला शब्द त्याच्या मुलापर्यंत पाळला गेला. स्वराज्य हे त्या शब्दावर उभं राहिलं, आधीपासून तयार नव्हतं. मला त्या प्रसंगात सगळ्यात थरारक वाटतं ते हेच.

खोपड्यांचं काय? मला त्यांना खलनायक करता येत नाही. ज्या बादशाहीने देशमुखी मानली तिचंच फर्मान त्यांनी पाळलं. त्या दिवशी कागदावर बंडखोर असतील तर ते कान्होजी. पुढे खान मारला गेला, खंडोजी सापडले, आणि त्यांच्यासाठी रदबदली कुणी केली, तर कान्होजींनीच. जीव वाचला, एक हात आणि एक पाय तोडला गेला. शेजारधर्म आणि राजकारण एकाच माणसात असे गुंतलेले असतात. ते सोडवून दाखवणारा लेखक मला जरा आगाऊच वाटतो.

वतन म्हणजे नुसती जमीन असंही समजू नका. पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, होळीत पहिली पोळी कुणाची, लग्नात पहिला विडा कुणाला, हे सगळं त्यात आलं. गोतसभेच्या महजरावर, म्हणजे गावपंचायतीच्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाची निशाणी नांगराची. या मानापानाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि हट्टाला पेटलेली माणसं रवादिव्य करायला तयार होत, म्हणजे उकळत्या तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा. ज्याच्यासाठी माणूस उकळत्या तेलात हात घालतो, त्याला 'संकुचित निष्ठा' म्हणून निकालात काढणं मला जमत नाही. महाराजांनाही ते कळत होतं. आधी विरोधात असलेल्या बांदल देशमुखांची माणसं १६६० मध्ये बाजीप्रभूंसोबत घोडखिंडीत (आजची पावनखिंड) कापली गेली, तेव्हा त्या घराण्याला दरबारातल्या तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे सगळ्यांत आधीचा, मान मिळाला. तो आधी जेध्यांचा होता. एवढ्या मोठ्या बलिदानाची भरपाईसुद्धा घराण्याच्या मानातच मोजली गेली.

गडावरून, म्हणजे राज्य चालवणाऱ्याच्या बाजूने, मात्र हेच चित्र वेगळं दिसतं. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राज्यकारभारावरच्या ग्रंथात वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद, म्हटलंय. त्यांनी राजाराम महाराजांच्या काळातली धावपळ स्वतः पाहिली होती. छत्रपती जिंजीला, मोगल दारात, आणि माणूस टिकवायचा तर वतन द्यावं लागतंय. मोगलही तेच देत होते. माणसं इकडून तिकडे जात, तिकडून परत येत. अमात्यांचा वैताग मला पूर्ण पटतो. माझा राजाही तसाच वैतागतो, फक्त माझे वाचक त्याची बाजू आपोआप घेतात, कारण नकाशात त्याचं राज्य एकाच रंगाने रंगवलंय. (तो रंग प्रकाशकांचा. मला नको होता.) पुढे पेशवाईत मराठवाड्यातली कितीतरी गावं अशी होती की वसुलाचा एक वाटा पुण्याला पेशव्यांकडे जाई आणि बाकीचा हैदराबादला निजामाकडे. त्या गावाला कुठला रंग देणार?

आता राहिली रयत. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, मीच विचारते. फौज येतेय म्हटल्यावर गावंच्या गावं परागंदा होत. मग फौज कुणाचीही असो, वसूल शून्य. त्यांना परत आणायला कौल, म्हणजे साऱ्याच्या सवलतीचा लेखी शब्द, द्यावा लागे. यंदा सारा माफ, पुढच्या साली थोडा, मग इस्ताव्याने, म्हणजे दरसाल ठरल्या हिशेबाने, चढत चढत पुरा. देशमुख आणि राजा दोघांनाही इथे नमतं घ्यावं लागे, कारण नांगर धरायला माणूस नसेल तर सनदेला विचारतो कोण? पुढचा भाग सध्या मी इथूनच लिहितेय. नाईकीण खिंडीत अडून बसलीय, राजा खाली तळ देऊन बसलाय, आणि खोऱ्यातली माणसं दोघांचीही वाट न बघता गुरंढोरं घेऊन डोंगरापलीकडे गेलीत. तिकडचा ठाणेदार त्यांना तीन वर्षं सारा माफ करायला तयार आहे. राजाचा कारकून आणि नाईकिणीचा कारकून आपापल्या तंबूत कौलनामे लिहीत बसलेत, आणि दोघांचाही आकडा अजून दोन वर्षांच्या पुढे जात नाहीये.