तेरा नावांचा सातबारा

जंगल बघायला म्हणून देवरुखच्या पुढे सह्याद्रीच्या पायथ्याशी गेलो, आणि पहिल्यांदा दिसले ते खुंट. पऱ्या (लहान ओढा) ओलांडायच्या आधी, उजव्या हाताला, एकवीस. बहुतेक ऐन आणि किंजळ, दोन जांभूळ. गुडघ्याच्या खाली मशीनने कापलेले, ताटासारखे सपाट. कडेने सालीतून फुटवे आलेले, एकेका खुंटाला सात-आठ.

"जमीन आमची होती हो, पण झाडं आमची नव्हती," बरोबरचे वाटेकरी म्हणाले.

तेरा जणांनी मिळून इथलं 26 एकर जंगल विकत घेतलं आहे, प्रत्येकी दोन एकरांचा हिस्सा. वेगवेगळ्या गावांतले, एकमेकांना ट्रेकमधून ओळखणारे लोक. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खाजगी मालकीचं आहे. दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदाराला द्यायचं, तोडून न्यायचं, पुन्हा वाढू द्यायचं, ही इथली जुनी रीत. ती मोडायची म्हणून या लोकांनी जमीन घेतली. वकिलाने तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदणीकृत व्यवहारांचा शोध, काढला, बोजा नाही, दावा नाही, सगळं स्वच्छ. खरेदीखत झालं आणि दीड महिन्यात ठेकेदार माणसं घेऊन हजर. त्याच्याकडे आधीच्या मालकाने करून दिलेला झाडांच्या विक्रीचा कागद होता, जमिनीच्या व्यवहाराच्या चार महिने आधीचा.

हे सर्चमध्ये का दिसलं नाही? कारण 1908 च्या नोंदणी कायद्यात तोडण्यासाठी विकलेली उभी झाडं ही जंगम मालमत्ता धरली जाते. जमीन स्थावर, तिच्यावर उभा ऐन जंगम! अशा विक्रीची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे दुय्यम निबंधकाकडे कितीही वर्षं मागे गेलात तरी हा कागद सापडणार नाही. तो वाडीत विचारल्यावरच सापडतो. म्हणून साठेखत करायच्या आधी दोन गोष्टी करायच्या. विकणाऱ्याकडून झाडं कोणालाही विकलेली, गहाण टाकलेली वा कबूल केलेली नाहीत असं खतातच लिहून घ्यायचं आणि झाडांची जातवार मोजणी खताला जोडायची. दुसरी गोष्ट, तालुक्यातल्या वनखात्याच्या कार्यालयात त्या गट नंबरावर तोडीचा अर्ज पडला आहे का ते बघायचं. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतली झाडं (हिरडा, साग, मोह, खैर, जांभूळ वगैरे) मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि तो अर्ज मालकाच्याच नावे जातो. इथे तो गेलेला होता, कोणी बघितला नाही. एकवीस झाडं गेल्यावर ठेकेदाराशी तडजोड झाली. किती पैसे दिले ते कोणी सांगेना, आणि मी दोनदा विचारून थांबलो.

बाकीचा पहिला दिवस कागदांतच गेला, आणि तक्रार नाही. अंगणात खाटेवर फाईल उघडून बसलो होतो. असं काही करायचं मनात असेल तर सुरुवात जंगलापासून करू नका, माणसांपासून करा. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, आणि कोकणातली जंगलं सातबाऱ्यावर बहुधा वरकस (हलकी, डोंगरउताराची) किंवा पोटखराबा (लागवडीला न येणारी), म्हणजे कायद्याने शेतजमीनच. ट्रस्ट काढू, कंपनी काढू, हे सगळ्यांना सुचतं. पण ट्रस्ट किंवा कंपनी शेतकरी होत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणून नावं माणसांचीच लावावी लागतात, आणि प्रत्येकाचा शेतकरी असल्याचा पुरावा खरा लागतो. एकाने जरी खोटा दाखला जोडला तर त्याच कायद्याच्या 84-क खाली चौकशी लागते. बाकीचे बारा त्यात विनाकारण लटकतात.

मग जमीन. भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर बाजूला ठेवा. इतर हक्कांत कूळ असेल, किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल, तर घाईने टोकन देऊ नका. सगळ्यात मोठा खड्डा 30 ऑगस्ट 1975 चा. त्या दिवशी खाजगी वन संपादन कायद्याने अनेक खाजगी जंगलं सरकारजमा झाली, आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर कधी आली, कधी आलीच नाही. सातबारा कोरा दिसला म्हणून समाधान मानायचं नाही. जुने फेरफार उलगडायचे, 'कलम 35(3)' (वन कायद्याखालची जुनी नोटीस) किंवा 'वन' असा शब्द कुठे आहे का बघायचं, आणि वनखात्याकडून लेखी घ्यायचं. शिवाय 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जंगल कोणाच्या मालकीचं आहे हे गौण ठरलं. जे जंगल आहे तिथे वनेतर काम करायचं तर केंद्राची परवानगी. थोडक्यात, प्रत्येकाला एकेक छोटं घर बांधता येईल असं सांगून वाटेकरी गोळा करणारा एजंट तुम्हाला फसवतो आहे. या तेरांपैकी दोघं मनातून अजूनही घराच्याच आशेवर आहेत, हे बोलताना लपत नव्हतं.

मुक्कामाबद्दल एक ओळ: कुळथाची पिठी आणि भाकरी अप्रतिम, झोप शून्य. रानडुकरांना घालवायला वाडीत रात्रभर फटाके.

दुसऱ्या दिवशी जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत कापून-जाळून केलेला मोकळा पट्टा. खरं तर मी यासाठीच गेलो होतो, डिसेंबर निवडला तो म्हणूनच. जंगलाच्या वरच्या अंगाला सडा आहे, कातळावरचं गवत कमरेएवढं. फेब्रुवारीनंतर तिथे कोणाची तरी बिडी किंवा राबाची भाजणी (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजणं) सुटते आणि वणवा उतरतो. हद्द 600 मीटर, रेषेची रुंदी 4 मीटर, म्हणजे जवळजवळ 24 गुंठे गवत कापायचं. कागदावर सोपं वाटतं. चार माणसं सहा दिवस लागली होती आणि मी पोचलो तेव्हा गवत आडवं पडून वाळलं होतं.

पद्धत अशी. रेषेच्या दोन्ही कडांना एकेक मीटर पट्टा माती दिसेपर्यंत खरवडायचा. मधल्या दोन मीटरचं गवत तिथेच आडवं करून आठ-दहा दिवस वाळू द्यायचं. मग सकाळी, दव सुकल्यावर पण समुद्राकडचा वारा उठायच्या आत, पेटवायचं. सुरुवात चढाच्या वरच्या टोकापासून, कारण आग चढावर धावते आणि उतारावर रांगते. वरून लावली तर ती तुमच्या चालीने खाली येते. दर वीस पावलांवर एक माणूस, हातात ओल्या फांदीचा झोडपा, पाठीवर पाण्याचा पंप. शेजारच्या वाडीला आदल्या दिवशी सांगायचं. न सांगता धूर काढलात तर माणसं धावत येतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत.

चुका दोनच होतात, पण दरवर्षी होतात. कापलेलं गवत आळसाने रेषेच्या जंगलाकडच्या काठावर ढिगाने टाकतात, म्हणजे आगीला आत जायला जिनाच बांधून देतात. आणि डिसेंबरात केलेली रेषा फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पुन्हा भरते, हे विसरतात. पाचोळा दाताळ्याने दोनदा ओढायचा असतो. तेव्हा मजूर काजूच्या कामाला गेलेले असतात, वाटेकरी शहरात असतात, आणि आग त्याच आठवड्यात येते.

एका ठिकाणी काम अडलं. रेषेपासून तीन मीटरवर वठलेला सातवीण, वर ढोली. त्यात धनेश बसतो असं वाडीतले म्हणतात. वठलेलं लाकूड एकदा धुमसायला लागलं की चार-चार दिवस ठिणग्या टाकतं, म्हणून एकाचं म्हणणं तोडा. आधीच्या एकवीस खुंटांनंतर कोणाची हिंमत होत नव्हती. शेवटी वाडीतल्या आजोबांनी सोडवलं. त्यांनी खोडाभोवती दोन हात रुंद गोल खरवडून घेतला, बुंध्यापासचा पाचोळा उपसला, आणि रेषा तेवढ्यापुरती वळवून सड्याकडे नेली. अर्धा तास लागला. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर याच्यावर दोन तास चर्चा चालली होती म्हणे.

त्या आजोबांमुळेच मला या गटाबद्दल आदर वाटला. जंगलातून वाडीची पाण्याची पाइपलाइन जाते, देवरहाटीची (देवराईची) वाट जाते, सुकी लाकडं बायका नेतात. यांनी कुंपण घातलं नाही. गडग्याला (दगडी बांधाला) दोन जागी खिंडी मोकळ्या ठेवल्या. ज्यांनी तारा ओढल्या त्यांची जंगलं कोकणात कशी 'आपोआप' पेटतात, ते शेजारीपाजारी विचारा.

खुंटांच्या फुटव्यांची विरळणी तिसऱ्या वर्षी करायची ठरली आहे. एका खुंटाला दोन-तीन ठेवायचे, तेही जमिनीलगत फुटलेले. वरच्या काठावरून आलेला फुटवा वाऱ्यात खांद्यातून निखळतो. झाडं लावण्याचा कार्यक्रम या मंडळींनी केलेला नाही, आणि ते बरं केलं. खाली हिरड्याची, जांभळाची, अंजनीची रोपं आपणहून उठत आहेत.

निघायच्या आधी पुन्हा फाईल निघाली. तेरांपैकी एक वाटेकरी गेल्या वर्षी वारले. वारसनोंद झाली, सात नावं चढली. आता सातबाऱ्यावर एकोणीस. आपसातल्या करारनाम्यात दहा वर्षं वाटप मागायचं नाही, विकायचं तर आधी गटाला विचारायचं, असं लिहिलं होतं. वारसांचं काय, ते लिहायचं राहिलं होतं. त्या 80 गुंठ्यांत सात जण म्हणजे प्रत्येकी साडेअकराच्या आत. जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे, त्यामुळे तुकडा पाडून विकणंही होत नाही. गटाला तो हिस्सा एकत्र घ्यायचा आहे. सातांपैकी पाच तयार आहेत, एकाची सही परदेशातून यायची आहे.

सातव्याचा फोन मी तिथे असतानाच आला. सड्यावर रेंज येते तिथे जाऊन वाटेकरी बोलले. त्याचं एकच म्हणणं होतं: एकदा येतो, आमची दोन एकर नेमकी कुठली ती दाखवा.