आमची वाटचाल: शेककडून न्यूककडे

स्टुडिओ सुरू केला तेव्हा आम्ही तिघं होतो आणि तिघांनाही कंपोझिटिंगचं, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट बनवण्याचं, एकच सॉफ्टवेअर येत होतं, शेक. ॲपलने 2002 मध्ये ते बनवणारी कंपनीच विकत घेतली होती. 2006 मध्ये 4.1 आवृत्ती आली तेव्हा किंमत दणकून उतरली, म्हणून तर ते आम्हाला परवडलं. किंमत का उतरली असावी, हा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी एकालाही पडला नाही. 2009 मध्ये विक्रीच बंद झाली.

आम्हाला काम देणारे मोठे स्टुडिओ तोवर शॉटसोबत न्यूकची स्क्रिप्ट, म्हणजे शॉट कसा जोडला ते सांगणारी फाइल, मागू लागले होते. न्यूक हेही कंपोझिटिंगचंच सॉफ्टवेअर, मुळात डिजिटल डोमेन या इफेक्ट्स स्टुडिओने स्वतःच्या कामासाठी घडवलेलं, 2007 पासून फाउंड्री या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलेलं. आम्ही एक लायसन्स घेतलं आणि पाळीपाळीने शिकलो. दोन्हीकडे काम नोडने, म्हणजे एकेक क्रिया करणाऱ्या ठोकळ्यांनी चालतं, नावं तेवढी वेगळी: फाइल आत घेणाऱ्या फाइलइनचं रीड, बाहेर लिहिणाऱ्या फाइलआउटचं राइट, रंगाला अल्फाने (चित्र कुठे किती झाकतं ते सांगणाऱ्या चॅनेलने) गुणणाऱ्या एममल्टचं प्रीमल्ट, भागणाऱ्या एमडिवचं अनप्रीमल्ट. नावं एका दिवसात पाठ झाली आणि आपल्याला न्यूक आलं असं वाटलं.

पहिल्याच कामात तोंडावर आपटलो. शेकमध्ये लॉग प्लेट (उजेडाचे आकडे लॉगरिदमने साठवलेलं मूळ चित्रीकरण) आणली की पाठोपाठ ती लिनिअर, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात, करणारा लॉगलिन लावायची बोटांना सवय. न्यूकचा रीड नोड फाइलचा प्रकार बघून ते काम स्वतःच उरकतो, आणि आम्ही त्याखाली पुन्हा तेच करणारा लॉगटूलिन लावत होतो. चित्र भडक दिसलं, तर रंग-उजेड बदलणारा ग्रेड लावून नजरेने जुळवलं! पाठवलेले शॉट परत आले: प्लेटच्या ज्या भागाला आम्ही हातही लावला नव्हता, तोही मूळ प्लेटशी जुळत नव्हता. आठ शॉट पदरमोड करून पुन्हा केले. तेव्हापासून आमच्याकडे कोणताही शॉट घेतला की आधी नुसतं रीड ते राइट करायचं आणि मूळ प्लेटशी फरक शून्य येतो का ते बघायचं. मगच काम.

कडांनी याहून जास्त दिवस खाल्ले. शेकमध्ये आम्ही व्हिडिओची प्लेट लिनिअर न करता आहे तशीच जोडायचो. काळ्यापांढऱ्याचं निम्मं-निम्मं मिश्रण तिथे 255 पैकी 128 दिसतं. न्यूक लिनिअरमध्ये हिशेब करतं, त्यामुळे तेच निम्मं पडद्यावर 188 च्या आसपास दिसतं. मोशन ब्लर, केसांची कड, धूर, सगळं उजळ आणि जाड. प्रकाशाच्या दृष्टीने न्यूकचं बरोबर होतं. मॅट (वस्तूचा आकार कापून देणारं काळंपांढरं चित्र) आत ओढून कडा बसवण्याचे आमचे वर्षानुवर्षांचे आकडे मात्र चुकीच्या गणितावर बेतलेले निघाले आणि सगळे टाकून द्यावे लागले.

दोन चित्रं जोडणाऱ्या मर्ज नोडला ए आणि बी असे दोन धागे येतात: बी हा खोडाचा धागा, ए ही त्यावर येणारी फांदी. मर्ज बंद केला की बी तसाच खाली जातो, त्यामुळे प्लेट कायम बी वरून सरळ उतरवायची. ही शिस्त मला शेकमध्येच लागायला हवी होती.

खरी चैन चॅनेलची, म्हणजे चित्रासोबत वाहणाऱ्या माहितीच्या थरांची. शेकच्या धाग्यात तीन रंग, अल्फा आणि झेड (खोली) एवढे पाचच मावायचे. न्यूकमध्ये थ्रीडीतून आलेले सगळे पास (सावली, चकाकी असे वेगळे काढलेले थर) ईएक्सआर प्रकारच्या एका फाइलमधून, एकाच रीडमध्ये येतात. रोटोबाबत, म्हणजे वस्तूभोवती हाताने आकार आखण्याबाबत, मात्र तक्रार होती: त्यासाठीच्या बेझियर नोडमध्ये एकच आकार, माणसाच्या हाताची पाच बोटं म्हणजे पाच नोड. 2010 मध्ये सहाव्या आवृत्तीत अनेक आकार एकत्र घेणारा रोटोपेंट नोड येईपर्यंत आम्ही रोटो गुपचूप शेकमध्येच करत होतो.

शेकचं ते यंत्र पुढे बंद पडलं. नंतर एका जुन्या ग्राहकाला त्या काळातला एक शॉट बदलून हवा होता. शेकची स्क्रिप्ट म्हणजे साधा मजकूर. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून, एकेक ओळ वाचत न्यूकमध्ये नोडची पूर्ण ट्री (जोडणी) पुन्हा बांधली. रंग जुळले, हालचाल जुळली. कडा जाड आल्या.