आमची वाटचाल : शाफ्ट सरळच होता

कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सची ताकद एक्सलपर्यंत नेणाऱ्या फिरत्या पाइपचं) दुकान म्हटलं की लोकांना ऊसवाहतुकीच्या गाड्या आठवतात, आणि आमची भाकरीही त्यांच्यावरच भाजली. क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा टोकाचा सांधा) बदल, योक (क्रॉस धरणारे दोन कान) बदल, पिळलेला पाइप कापून नवा भर, बॅलन्स करून दे. एक लेथ, एक सीओटू वेल्डिंग आणि कर्ज काढून घेतलेलं बॅलन्सिंग मशीन. पहिली बारा वर्षं अशीच गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मशीनचा हप्ता एकदाही चुकला नाही, एवढं मात्र लिहून ठेवतो.

सांगायचं आहे ते नोटबंदीनंतरच्या उन्हाळ्याचं.

जीप उंच करायचं खूळ आपल्याकडे तेव्हा नुकतं जोरात आलं होतं. महिंद्राच्या एमएम ५४० जीपला मूळचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) एक्सलच्या खाली असतात. ते काढून एक्सलच्या वर बसवले की गाडी पाच-सहा इंच उचलते, मोठे टायर बसतात, मालक खूश. आमच्या मागच्या गल्लीत एकाने हेच काम धरलं होतं. नाव घेत नाही, घेऊन काय मिळणार? माणूस हाताचा चांगला, वेल्डिंग देखणं. त्याच्याकडची एक जीप आमच्याकडे आली. म्हणजे जीप नाही, नुसता मागचा शाफ्ट आला, पोत्यात गुंडाळून. चिठ्ठी : ‘पंचेचाळीसला व्हायब्रेशन. बॅलन्स करणे.’

बॅलन्स केला. चौथ्या दिवशी परत. पुन्हा मशीनवर चढवला, डायल लावून रनआउट (पाइप वाकडा फिरतो का ते) बघितला, सगळं ठीक. तिसऱ्या वेळी मी स्वतःच्या खिशातून सीमलेस पाइप आणि दोन्ही क्रॉस नवे घालून दिले. अक्कल इथे कमी पडली, कबूल करतो. तीनदा शाफ्ट हातात घेतला आणि एकदाही ‘गाडी आण’ म्हणालो नाही.

महिन्याभरात ती जीप करूळ घाटात उभी राहिली. वरचा क्रॉस फुटून शाफ्ट रस्त्यावर आपटला होता. नशीब, वेग कमी होता आणि मागे कोणी नव्हतं. पण फोटो निघाला, आणि त्या फोटोत पाइपवरचं आमचं स्टिकर स्वच्छ वाचता येत होतं. व्हॉट्सॅपवर तो कुठे कुठे फिरला ते मला गिऱ्हाइकांकडून कळत गेलं. मागच्या गल्लीतला चहाच्या गाड्यावर सांगत होता, ‘बॅलन्सच जमत न्हाई त्येंला.’ जीपवाले तुटले ते ठीक, पण दोन ट्रान्सपोर्टवाल्यांनीही काम थांबवलं. जून-जुलैत मशीनवरचं कापड निघालं नाही. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, एका पोराला घरी पाठवावं लागलं. तो पोरगा आज शिरोलीत चांगल्या कामावर आहे, पण त्या दिवशी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

अशात चंदगडचे तात्या आले. काजूची बाग, थोडा ऊस, आणि अशीच उंच केलेली, त्याच हातची एमएम ५४०. त्यांचा शाफ्टही धडधडत होता. मी म्हटलं, तात्या, तुम्ही तरी कशाला आलात? तर म्हणाले, ‘तुझं मशीन खोटं बोलत न्हाई म्हणतोस न्हवं? मग शाफ्ट नको, गाडीच घे. हंगाम संपलाय, आठ दिवस ठेव.’ आणि एसटीने गावी निघून गेले.

आमच्या मिस्त्रींचा दुकानात चार आणे हिस्सा होता. बोलणं कमी. त्यांनी कपाटामागून एक फळी काढली. तिच्यावर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक स्क्रूने बसवलेला, मध्यातून दोरा, दोऱ्याला आठ नंबरचा नट. नदीकाठचे पंप आणि इंजिन एका रेषेत बसवायला त्यांनी तरुणपणी ती केली होती. कोनमापकाचे आकडे झिजलेले, पाचाच्या रेघा ब्लेडने पुन्हा कोरलेल्या. आज माझ्याकडे चुंबकाचा डिजिटल गेज आहे. नवा घेतला तेव्हा आधी त्या फळीला लावून तपासला.

गाडी सपाट फरशीवर, चाकांवर उभी ठेवली. (जॅकवर चाकं लोंबकळत ठेवून कोन मोजणारे लोक मी पाहिलेत. त्यांना नमस्कार.) ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागची पेटी, शाफ्ट तिथून निघतो) फ्लँज ४ अंश मागे उतरता. शाफ्ट २१ अंश. टेल पिनियन, म्हणजे एक्सलमधला दांडा ज्याला शाफ्टचं खालचं टोक जोडतात, १७ अंश वर तोंड केलेला. म्हणजे वरच्या क्रॉसवर १७ आणि खालच्या क्रॉसवर ४.

जाणकाराला यापुढे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. एकेरी क्रॉस कोनात फिरला की शाफ्ट एकसारखा फिरत नाही, एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. १७ अंशांवर फ्लँज मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर शाफ्ट १४३४ आणि १५६९ च्या मध्ये झोके खातो. खालच्या क्रॉसवर तेवढाच कोन असेल आणि दोन्ही योक एका रेषेत असतील, तर तो झोका तिथे पुसला जातो. इथे खाली चारच अंश. झोका पुसायला कोणी नाही, सगळा मार एक्सलच्या दातांवर आणि क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुयांवर. क्रॉस उघडला तर कपात गंजासारखी लाल पूड आणि खुंटांवर सुयांचे ओरखडे, नखाला लागतील एवढे.

शाफ्ट सरळच होता. पाट्यांचे पॅड वेल्ड करताना पिनियन शाफ्टकडे वळवला होता. ही रीत चुकीची नाही, पण ती डबल जॉइंटच्या, म्हणजे वरच्या टोकाला दोन क्रॉस असलेल्या, शाफ्टची. कुठेतरी अर्धं पाहिलं आणि अर्धंच केलं.

पिनियन परत खाली फिरवून दोन्हीकडे १७ करता आले असते. धडधड कमी झाली असती, पण एवढ्या कोनात क्रॉस टिकत नाहीत. मी कुर्ल्याच्या भंगारात दोन दिवस फिरलो आणि एका परदेशी गाडीच्या पुढच्या शाफ्टचा डबल जॉइंट उचलून आणला. फ्लँजचे होल जुळेनात, म्हणून लेथवर मधली चकती कातून घातली. आता वरचे १७ दोन क्रॉसमध्ये साडेआठ-साडेआठ वाटले गेले. खाली पाट्याखाली अडीच अंशाची लोखंडी पाचर दिली, दीड अंश राहिला. तो मुद्दाम ठेवला. जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियन आपोआप वर येतो. शिवाय अगदी शून्य कोनात सुया जागच्या हलत नाहीत, तिथेच खड्डा पाडतात. पाचर ॲल्युमिनियमची घेऊ नका, चुरा होतो. पिनियन वर गेला की पुढच्या बेअरिंगला तेल कमी पोचतं, तेव्हा हाउसिंगमध्ये थोडं जास्त भरा. आणि शाफ्ट बसल्यावर चाकं लोंबकळत सोडून हाताने पूर्ण फिरवा, योकचे कान कुठे अडकले तर ते घरातच कळू दे.

पुढच्या एक्सलला मात्र हा पिनियन वर करायचा खेळ करू नका. कॅस्टर (पुढची चाकं सरळ ठेवणारा कल) जातो, स्टिअरिंग भटकतं.

तात्यांनी गाडी नेली आणि आंबोलीहून फोन केला : ‘आवाज न्हाई.’ एवढंच. पुढच्या महिन्यात त्यांनी चार जीपवाले पाठवले, ट्रान्सपोर्टवाल्यांपैकी एक परत आला. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं. २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडून माल अडकला, पुढे लॉकडाउनही आला, पण त्या जून-जुलैपुढे ते काही वाटलं नाही. मिस्त्री आता येत नाहीत, गुडघे गेलेत. चार आणे दरवर्षी घरी पोचतात.

आणखी एक, विचारलं नाही तरी. मोठे टायर घालण्याआधी आरटीओचं बघा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आणि भाच्याच्या मित्राला उधारीवर शाफ्ट देऊ नका.

मागच्या गल्लीतून कोणी माफी मागितली नाही. फोटोचा विषयही कधी निघाला नाही. पण तिकडचा पोरगा अधूनमधून पोत्यात गुंडाळलेला शाफ्ट आणून ठेवतो, चिठ्ठीवर तेच ‘बॅलन्स करणे’. मी पोतं उघडत नाही. चिठ्ठीच्या पाठीवर ‘गाडी पाठवा’ लिहितो आणि शाफ्ट परत त्याच्या खांद्यावर देतो.