शाल-श्रीफळ परत फिरवल्याची गोष्ट

उद्यमनगरातल्या आमच्या टूलरूमची, म्हणजे साचे बनवणाऱ्या शेडची, सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. लेथ फिरत होता, हप्ते जात होते. सांगायचंय ते 2019 च्या दिवाळीचं.

बोनस खिशात पडला आणि पाडव्यानंतर आमचा फोरमन तीन पोरं घेऊन मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये रुजू झाला. त्या शेडच्या मालकाला पहिला सरफेस ग्राइंडर मीच उधारीवर दिला होता, एवढं नमूद करून ठेवतो. माझ्याकडे उरल्या दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणीच्या मशिन्स, आणि जयसिंगपूरच्या पंपवाल्या शेठजींची अर्धवट डाय, म्हणजे ॲल्युमिनियम ओतायचा साचा.

व्हीएमसीनं कितीही काटेकोर कापलं तरी डायचे दोन अर्धे एकमेकांवर बसवायचे ते हातानंच. ब्लू, म्हणजे निळा रंग, लावा, मिटवा, उघडा, डाग उठेल तेवढंच घासा. आमच्या पार्टिंगमधून, दोन अर्ध्यांच्या सांध्यातून, कागद सरकत होता, म्हणजे ॲल्युमिनियम फटीतून बाहेर येऊन फ्लॅश ठरलेली. दुसऱ्या कुणी ॲडव्हान्स परत मागितला असता. शेठजी म्हणाले, "महिनाभर थांबतो."

हे काम जाणणारे आमचे जुने फिटर म्हणजे मामा. त्यांना दोन वर्षांपूर्वी मीच 58 झाले म्हणून शाल-श्रीफळ देऊन घरी बसवलं होतं. आमच्याएवढ्या शेडला कुणी सक्ती केली नव्हती. मोठ्या कारखान्यांत करतात म्हणून केलं. प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन तरी किती? 2014 साली किमान हजार रुपये ठरली, मामांची त्याच्या जरा वर. तरीही मी परत बोलवायला गेलो तेव्हा मामा म्हशीला वैरण टाकतच राहिले. दुप्पट पगार सांगितला, मान वर झाली नाही. शेवटी मामी बोलल्या, "रात्रपाळी नको. आणि दिवसभर उभं राहवत नाही त्यांना, ते बघा आधी."

दुसऱ्या दिवशी उंच स्टूल आणलं, बेंचवर दिवा लावला, वेळ दहा ते चार. मामा आले आणि पहिला प्रश्न: "माझ्या वाइसवर हातोडा कुणी मारलाय?" एकविसाव्या दिवशी डाय बसली. कागद अडकला तेव्हा मी शेडबाहेर जाऊन उभा राहिलो.

नव्या कारखानदारांनो, जुना फिटर बोलवायचा तर पगाराचा आकडा नंतर काढा. त्याचा मायक्रोमीटर, त्याच्या कानशी दुसऱ्याला वाटून टाकू नका. आणि पोरांना त्याच्या हाताखाली द्या, त्याला पोरांच्या नव्हे. 58 नंतर पेन्शन फंडात भरणा जात नाही, तेवढं अकाउंटंटला विचारून घ्या.

आता आमच्याकडे साठीपुढचे तिघे आहेत. गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतून डाय मॅचिंगसाठी निरोप आला. मी दीडपट भाव कळवला. मामांनी आदल्या संध्याकाळीच चहाच्या गाड्यावर निम्म्यात ठरवून टाकला होता.