दुधाची पावती

मी १०८च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे. मार्च महिना, वाईच्या पश्चिमेकडच्या गावांत हळद शिजवायची गडबड चाललेली. सकाळी ८.३५ला कॉल आला: बाई पडल्यात, बोलत नाहीत.

नऊला पोहोचलो. अंगणात काहिलीखालचा जाळ तसाच होता. मावशींना ओसरीवर भिंतीला टेकवून बसवलेलं, वय अठ्ठावन्न. कुणी तळपाय चोळत होतं. जाऊबाई चमच्याने लिंबूपाणी पाजत होत्या आणि ते ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळत होतं. आधी तो चमचा बाजूला ठेवायला लावला. लकव्यात गिळण्याची ताकदही जाते, पाजलेलं पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं.

"मावशी, हसा बघू." डावा गाल हलला, उजवा नाही. हात समोर धरायला सांगितलं ते त्यांना कळेना, म्हणून मीच दोन्ही हात वर धरून सोडले. दोन पिवळेधमक तळवे. डावा जागेवर राहिला, उजवा तीन-चार सेकंदांत मांडीवर येऊन पडला. नाव विचारलं तर घशातून नुसता आवाज. साखर फार उतरली तरी असंच दिसतं, म्हणून ती तपासली: १३२. बीपी १७०/१००. शेजारच्या एकाने बीपीची गोळी पुढे केली, "जिभेखाली ठेवा." मी नको म्हटलं. मेंदूला आधीच रक्त कमी पडत असताना बीपी एकदम उतरवलं, तर आहे तेही जातं.

"वारं गेलंय अंगावरनं," दीर म्हणाले. "पारव्याचं रक्त चोळलं की उतरतं. जीप सांगितलीय."

"काका, मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं. पण ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जीप परत पाठवा."

साडेचार तास, पण कधीपासून? सगळे म्हणत होते साडेआठ. साडेआठला त्या सापडल्या होत्या. पडताना कुणीच पाहिलं नव्हतं. अशा वेळी रुग्ण शेवटचा धड कधी दिसला तिथपासून घड्याळ मोजतात. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "रात्री चक्कर येतीय म्हणत होती." माझ्या पोटात गोळा आला. रात्रीपासूनचं असेल तर इंजेक्शनची वेळ उलटून गेली होती.

मुलाने खिशातून चुरगळलेली कागदाची पट्टी काढली. दूध डेअरीची पावती: म्हैस, लिटर, फॅट आणि खाली वेळ, ७.२२. "आईच गेली होती दूध घालायला." मी तिथूनच संकलकाला फोन लावायला सांगितला. तो म्हणाला, "मावशी? भांडून गेल्या की माझ्याशी, फॅट कमी का लावली म्हणून. कॅन स्वतः उचलून दिला." कुठल्या हाताने? "उजव्या."

७.२२ला वाचा नीट, हातही नीट. म्हणजे ११.५२पर्यंत वेळ होता.

आमच्या पायलटदादांनी सव्वानऊच्या आत गाडी हायवेच्या दिशेने काढली. जवळच एक दवाखाना होता, सगळ्यांचा आग्रह तिथेच न्यायचा. काही महिन्यांपूर्वी मी अशाच एका रुग्णाला जवळच्या मोठ्या इमारतीतल्या रुग्णालयात नेलं होतं. मेंदूचा सीटी स्कॅन काढायचं यंत्र होतं, पण तंत्रज्ञ घरी होता. तिथे गेलेला दीड तास मी विसरलेली नाही. आता निघतानाच फोन करते: सीटी चालू आहे का, न्यूरॉलॉजिस्ट आहेत का, इंजेक्शन शिल्लक आहे का. साताऱ्यातल्या एका रुग्णालयाने तिन्हींना हो म्हटलं. त्याला एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे. त्या प्रमाणपत्राचा अर्थ मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसला. १०.१५ला आम्ही दारात गेलो तेव्हा एका सिस्टरने फळ्यावर वेळ लिहिली, दुसरीने वजन घेतलं आणि स्ट्रेचर कुठेही न थांबता सरळ सीटीकडे गेलं. कोणी काय करायचं ते आधीच ठरलेलं होतं. केस पेपर मागून आला.

सीटीत रक्तस्राव नव्हता. असता तर हेच इंजेक्शन जीवघेणं ठरलं असतं, म्हणूनच सीटीशिवाय ते देत नाहीत. डॉक्टरांनी मुलाला धोका लपवला नाही: शंभरात पाचसहा जणांच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्याने सही केली. कागदावर हळदीची बोटं उमटली. १०.५०ला ते इंजेक्शन, अल्टेप्लेज, सुरू झालं: ५४ किलोला ४८.६ मिलिग्रॅम, दहावा हिस्सा एकदम आणि उरलेलं तासाभरात. मी पुढच्या कॉलला निघाले.

बारा दिवसांनी त्याच गावात गेले होते, घरी डोकावले. मावशी ओसरीवर बसल्या होत्या, उजव्या हातात फिजिओथेरपीचा चेंडू. बोटं मिटत होती, पूर्ण नाही. मला त्यांनी ओळखलं नाही. मुलाकडे बघून अडखळत, एकेक शब्द जुळवत विचारलं, "ही... बाई... कोण?"