नऊ नंबरची सुई

शनिवार, रात्रीचे साडेदहा

आज आईला घेऊन स्किप्टनला, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका बाजाराच्या गावी, जाऊन आले. आत्ता ती समोर सोफ्यावर विणत बसलीये आणि झोपायचं नाव नाही. आज रात्री इथली घड्याळं एक तास मागे जाणार, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ना उद्या, तर म्हटलं आई आज एक तास जास्तीचा मिळणारे, ती म्हणाली बरंच झालं, तेवढ्यात दहा-बारा ओळी होतील. म्हणून मीही लिहायला बसले, नाहीतर उद्यापर्यंत निम्मं विसरून जाईन.

लीड्सहून ट्रेनने पाऊण तास लागतो. सॉल्टेअरला रुळांना अगदी लागूनच ती मोठी जुनी मिल आहे, टायटस सॉल्ट या कारखानदाराची कापडाची मिल, १८५३ ची, आई खिडकीला नाक लावून बघत होती आणि तिला एकदम इचलकरंजी आठवली, तिच्या मामाचं घर, रात्रभर मागांचा खडखडाट, आणि सुट्टीत तिथे गेलं की पहिल्या रात्री झोप यायची नाही आणि घरी परत आलं की शांततेत झोप यायची नाही. हे तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. पुढे बिंगली, कीथली, आणि मग स्किप्टन. नावाचा अर्थच मेंढ्यांचं गाव. १२०४ साली राजा जॉनने बाजार भरवायची सनद दिली आणि बाजार आजही हाय स्ट्रीटवर भरतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. वर टोकाला चर्च आणि किल्ला, आणि खालपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताडपत्रीचे स्टॉल, चीज, मोजे, फुलझाडांची रोपं, पिशव्या. आई म्हणाली हा तर आपला आठवडी बाजारच की गं. आणि मग बराच वेळ प्रत्येक गोष्टीला एकशेवीसने गुणून रुपये काढत होती, मी थांबवलं नाही.

पण मला तिला बाजार दाखवायचा नव्हता, मला तिला चॅरिटी शॉप दाखवायची होती. इथल्या कुठल्याही बाजाराच्या गावात ती असतातच, एका रस्त्यावर चार-पाच सहज सापडतील. एक कॅन्सरच्या संशोधनासाठी, एक हार्टवाल्यांचं, एक कुत्र्यामांजरांसाठी, एक जवळच्या हॉस्पिसचं, म्हणजे जिथे शेवटच्या दिवसांतल्या आजारी माणसांची काळजी घेतात त्या जागेचं. लोक घरातलं जुनं आणून देतात, गावातल्याच बायाबापड्या फुकट येऊन ते निवडतात, वाफेची इस्त्री फिरवतात, किंमत लावतात, आणि विकून येणारा पैसा त्या संस्थेला. ऑक्सफॅमचं नाव आपल्याकडेही माहीत आहे, ती संस्था १९४२ ची, युद्धात ग्रीसमध्ये उपासमार चालली होती तिथे अन्न पोचावं म्हणून ऑक्सफर्डमधल्या काही लोकांनी काढलेली कमिटी, आणि त्यांचं पहिलं कायमचं दुकान ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १९४७-४८ च्या सुमारास निघालं. आता देशभरात सगळ्या संस्थांची मिळून अशी दुकानं दहा हजारांच्या वर आहेत.

या देशात पहिल्या वर्षी माझ्याकडे काहीच नव्हतं तेव्हा माझं सगळं घर या दुकानांतून उभं राहिलंय. पातेली, परडी, पडदे, ज्या खुर्चीवर बसून लिहितेय ती खुर्ची, हिवाळ्याचा पहिला कोट साडेआठ पौंडांचा जो मी पाच वर्षं वापरला. त्यामुळे मला त्यांच्याबद्दल फार माया आहे. आईला मात्र मी हे फोनवर कधीच नीट सांगितलं नव्हतं, कोट 'सेलमध्ये घेतला' असंच सांगितलेलं, कारण ती काय म्हणेल ते माहीत होतं.

आणि ती तेच म्हणाली. दारातच थांबली. "दुसऱ्याच्या अंगावरचं गं. कोण कुठलं, जिवंत आहे का मेलंय, काही माहीत नाही."

मी म्हटलं आई, आपल्याकडे बाळाला पहिले कपडे जुनेच घालतात ना? मला स्वतःला तूच घातले होतेस, मावशीच्या राजूचं झबलं.

"ते घरातलं. कुणाचं ते माहीत असतं."

यावर मला काही बोलता आलं नाही कारण ती बरोबर बोलत होती. आपल्याकडे जुन्या कपड्याचं सगळं कसं माहितीतलं असतं, आजीच्या लुगड्याची गोधडी होते, मोठ्याचा शर्ट धाकट्याला येतो, आणि अगदीच घरातून बाहेर जायचं तर बोहारीण येते. मिरजेच्या आमच्या घरी यायची ती बोहारीण मला अजून दिसते, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, उंबऱ्याबाहेर बसायची आणि आई एकेक साडी पुढे टाकायची, ती बाई प्रत्येक साडी उजेडात धरून विरलीय का बघायची, तीन साड्या आणि दोन पँटींना एक डबा, मग आई म्हणायची झाकणाचा दे, मग ती म्हणायची अजून एक शर्ट टाका ताई, असा तासभर. त्या डब्यांत आमच्याकडे अजून डाळी आहेत.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी तीच बोहारीण आली होती आणि आईने तिला हात जोडून परत पाठवली. बाबांचे शर्ट कपाटात तसेच आहेत. तेव्हा म्हणाली होती, यांच्या कपड्यांच्या बदल्यात भांडं घेऊन त्यात मी आमटी कशी करू.

तर आम्ही आत गेलो. पहिल्या दुकानात ती हाताची घडी घालून फिरली, कशाला शिवली नाही. दुसऱ्यात एका जिगसॉच्या खोक्यापाशी थांबली, झाकणावर कुणीतरी पेनने लिहिलं होतं, 'पूर्ण आहे, मोजलाय'. मी वाचून दाखवलं. हजार तुकडे आहेत आई, कुणीतरी जुळवून बघून मग दिलाय. तिने खोका उचलला, हलवून बघितला, परत ठेवला. पण उचलला. मग कपबश्या बघितल्या, एक बशी उलटी करून खालचा छाप बघितला, टिचकी मारून आवाज ऐकला.

तिसरं दुकान हॉस्पिसचं. तिथे मागच्या कोपऱ्यात लोकरीचं सामान असतं हे मला माहीत होतं, एका काचेच्या बरणीत विणायच्या सुया उभ्या ठेवलेल्या आणि खाली टोपलीत लोकरीचे गुंडे. आईने बरणीतनं एक सुई काढली, जुनी राखाडी रंगाची, आणि डोकं बघून म्हणाली, "अगं ही दहा नंबर!" तिचा आवाज एवढा मोठा की काउंटरवरच्या बाई उठून आल्या. इथे आता सुया मिलिमीटरमध्ये मोजतात, नवीन दुकानात दहा नंबर मागितली तर तक्त्यात बघून सव्वातीन मिलिमीटर देतात, पण आपल्याकडे अजून इंग्रजांचेच जुने नंबर चालतात, आईने सगळं आयुष्य आठ, दहा, बारा असंच विणलंय. त्या बाई पंचाहत्तरीच्या असतील, म्हणाल्या माझी आईपण नंबरच म्हणायची. मी मधे उभी राहून भाषांतर करत होते पण खरं तर त्यांना माझी गरज नव्हती, दोघी बरणीतल्या सुया काढून एकमेकींना दाखवत होत्या.

मग त्या बाईंनी आतून एक पिशवी आणली. म्हणाल्या हे अजून बाहेर ठेवलेलं नाही, ठेवावं का तेच कळत नव्हतं, कारण अर्धवट आहे. पिशवीत पिवळ्या लोकरीचं लहान बाळाचं स्वेटर. पाठ विणून झालेली, पुढचे दोन्ही भाग झालेले, एक बाही झालेली. दुसरी बाही सुईवरच. मधेच थांबलेली. सोबत दोन गुंडे, दहा आणि आठ नंबरच्या सुया, आणि नमुन्याचा घडी पडलेला कागद, त्याच्या कडेला पेन्सिलीने रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी, चार उभ्या आणि पाचवी आडवी, ओळी मोजायला. शेवटच्या गटात तीनच रेघा होत्या.

आईने ते मांडीवर घेतलं. तिथे एक खुर्ची होती विकायला ठेवलेली, तिच्यावरच बसली. आधी झालेली बाही ताणून बघितली, मग उलटी बाजू बघितली, लोकर जिथे जोडलीय तिथे बोट फिरवलं. मग तिच्यातले टाके बोटाने थोडे सरकवायचा प्रयत्न केला, ते सरकेनात.

"हिचा हात घट्ट आहे," म्हणाली. "आणि गाठ मारत नाही, टोकं विणून घेते. कुणीतरी नीट शिकवलेलं दिसतंय. पण ह्या अर्धवट बाहीत बघ, इथून पुढे टाके सैल झालेत. शेवटच्या सहा-सात ओळी. हात थकले असणार तिचे."

मी ते त्या बाईंना सांगितलं नाही. म्हणजे सांगणार होते पण तोंडातनं शब्द निघेना.

आईने मग मला विचारायला लावलं की इथे माणसं गेल्यावर त्यांचे कपडे देतात का. बाई म्हणाल्या हो लव्ह, पुष्कळ. यॉर्कशायरमध्ये कुणालाही लव्ह म्हणतात, आपण बाळ म्हणतो तसं. त्यांच्या नवऱ्याचे शेवटचे दोन आठवडे हॉस्पिसमध्ये गेले, नर्स रात्री तीन वाजताही येऊन कूस बदलून द्यायची आणि एक पैसा घेतला नाही. नंतर त्यांनी त्याचे कोट इथे आणून दिले आणि मग स्वतःच यायला लागल्या, आता दर शनिवारी येतात. हॉस्पिसचा थोडा खर्च सरकार देतं, बाकीचा मोठा हिस्सा असाच उभा करावा लागतो, देणग्या आणि ही दुकानं. मला माहीत होतं हे, पण कोट विकून नर्सचा पगार होतो हे असं समोर उभं राहून कुणी सांगितलं नव्हतं. देणारा टॅक्स भरत असेल तर पिशवीवर त्याच्या नावाचा स्टिकर लावतात आणि विकून आलेल्या दर पौंडामागे सरकार वर २५ पेन्स संस्थेला देतं, तेही त्यांनी आईला सांगितलं, आणि आईला ते फार पटलं. बोहारणीशी घासाघीस केलेली बाई आहे ती, व्यवहार तिला लगेच कळतो.

गावातल्या काही दुकानदारांना ही दुकानं आवडत नाहीत तेही खरंय. चॅरिटी शॉपना दुकानाच्या करात ८० टक्के सूट असते, माल फुकट, काम करणारे फुकट, मग शेजारच्या पुस्तकवाल्याने किंवा कपडेवाल्याने टिकायचं कसं. मला त्या दुकानदारांचं म्हणणं कळतं. तरी रिकामं शटर बघण्यापेक्षा मला हे दुकान उघडं असलेलं बरं वाटतं.

जे विकलं जात नाही ते किलोवर चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातं. हे ऐकून आईने विचारलं पुढे काय होतं त्याचं. मी तिला सांगितलं की चिंध्या पिंजून पुन्हा लोकर करायची युक्ती इथूनच जवळ, बॅटलीला, बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने १८१३ मध्ये काढली, त्याला शॉडी म्हणतात, आणि आता ते काम सगळ्यात जास्त पानिपतला चालतं, जगभरातले जुने लोकरी कपडे तिथे येतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. आई एकदम गप्प झाली आणि मग म्हणाली, म्हणजे आपल्या घरातल्या त्या राखाडी ब्लँकेटात असेल कुणीतरी इथलं.

पिशवी तीन पौंडांना घेतली. पण आई निघेना. बरणीत हात घालून शोधत राहिली. तिला नऊ नंबरची सुई हवी होती. म्हणाली ती घट्ट विणते, माझा हात सैल, मी आठवरच पुढे विणलं तर बाही खालून एक आणि वरून एक दिसेल, एक नंबर बारीक घेतली की जुळेल. मी विचारलं मग सगळं उसवून तूच नव्याने का नाही करत, लोकर तर आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललेच नाही. दोन्ही नऊच्या सुया सापडल्या, एक राखाडी आणि एक हिरवी प्लॅस्टिकची, जोडी नाही पण नंबर तोच. बाईंनी पन्नास पेन्स पण घेतले नाहीत.

आणि निघताना आईने मला सांगायला लावलं की स्वेटर पूर्ण झालं की ते परत आणून देणार. इथेच. तुम्ही विका. बाई म्हणाल्या हाताने विणलेलं लहान मुलांचं इथे एक दिवसही टिकत नाही. मग आठवण झाली म्हणून त्यांनी बटणांचा डबा पुढे केला, आईने सहा पांढरी बटणं निवडली, एकसारखी सहा मिळायला पंधरा मिनिटं लागली.

परतीच्या ट्रेनमध्ये अंधार पडला होता. सॉल्टेअरची मिल दिसली नाही. कीथलीच्या पुढे कुठेतरी आई खिडकीकडे बघत म्हणाली, "मिरजेत असं एक दुकान असतं तर." एवढंच. बाबांचं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही.

घरी आल्यावर हात धुतले, देवापुढे दिवा लावला, आणि मग पिशवी उघडली. आधी सुईवरची टाक्यांची ओळ तिने आठच्या सुईवरून नऊवर उतरवून घेतली, जीभ दातात धरून, एकही टाका न सोडता. मग सुलट. मग उलट. मी चहा ठेवला तर गार झाला. मधेच थांबली आणि तो नमुन्याचा कागद सरळ करून चष्म्याजवळ धरला, इंग्रजी वाचता येत नाही तिला पण रेघा वाचता येतात.

आत्ता मला हाक मारलीन, पेन्सिल आहे का गं? दिली. शेवटच्या गटात तीन रेघा होत्या ना, तिने शेजारी चौथी ओढली, मग त्यांच्यावरून पाचवी आडवी.