क्लायंटच्या मनाचं गणित

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. इमारतीच्या डिझाइन-प्रक्रियेचं सिम्युलेशन करतो, म्हणजे ती संगणकावर चालवून बघतो, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “क्लायंट दर आठवड्याला काहीतरी बदलतो, मग तुमचं मॉडेल कुणाच्या भरवशावर?”

क्लायंट काय बदलेल ते मला कळत नाही, आणि त्याची गरजही नाही. बदल आला की कुणाकुणाचं झालेलं काम पुन्हा उघडावं लागेल, एवढंच मी बघतो.

पुण्यातली नेहमीची इमारत घ्या. खाली पार्किंग, वर सहा मजले. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्याची मर्यादा, वाढून मिळतोय असं कळतं आणि बिल्डर म्हणतो, “दोनच मजले चढवू.” उंची २४ मीटरच्या वर गेली की नॅशनल बिल्डिंग कोडप्रमाणे रेफ्युज एरिया (आगीच्या वेळी लोकांनी थांबायची सुरक्षित जागा) द्यावा लागतो, म्हणजे आर्किटेक्टचा प्लॅन हलला. वजन वाढलं म्हणून आरसीसी कन्सल्टंटने, म्हणजे सांगाड्याचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरने, कॉलम जाड केले. ते पार्किंगमध्ये उतरले आणि गाड्या बसेनात. फ्लॅट वाढलेत, म्हणजे गाड्या तर जास्तच हव्यात. प्लॅन पुन्हा आर्किटेक्टच्या टेबलावर.

हा फेरा कामांच्या वेळापत्रकाच्या बार चार्टवर काढताच येत नाही, तिथे सगळं डावीकडून उजवीकडे जातं. म्हणून मी डिझाइन स्ट्रक्चर मॅट्रिक्स वापरतो. डोनाल्ड स्टुअर्ड यांनी १९८१ साली मांडलेली पद्धत. ओळींत करायच्या क्रमाने जी कामं तीच रकान्यांत, आणि ओळीतल्या कामाला ज्या रकान्यातल्या कामाची माहिती लागते तिथे खूण. कर्णाच्या वर खूण पडली, तर ते काम पुढच्या कामाबद्दल अंदाज बांधून सुरू झालंय. धोका तिथेच.

मग प्रत्येक खुणेला दोन आकडे: काम उलटून येण्याची शक्यता किती, आणि आलंच तर त्यातलं किती पुन्हा करावं लागेल. हे आकडे साहेबांना विचारून मिळत नाहीत. ते म्हणतात, “आमच्याकडे फारशा रिव्हिजन होत नाहीत,” आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आर-७, म्हणजे सातवी रिव्हिजन, लिहिलेलं असतं. ड्राफ्ट्समनला विचारावं, चहाच्या टपरीवर.

पुढचं संगणकाचं काम. बदल कधी लवकर, कधी उशिरा टाकत तो हजारो वेळा प्रकल्प चालवतो. स्वयंपाकघराचा ओटा सरकला तर सहसा दोन-तीन ड्रॉइंगवर भागतं, कॉलम ग्रिड, म्हणजे कॉलमच्या जागांची आखणी, हललं तर सगळेच परत कामाला लागतात. त्यामुळे “डिझाइन फ्रीज करा” हा सरसकट सल्ला मला पटत नाही. उंची, ग्रिड आणि पार्किंग आधी एकत्र बसून पक्कं करा. ओटा शेवटपर्यंत हलू द्या.

एवढं ऐकून क्लायंट तारीख विचारतोच. मॉडेल तारीख देत नाही. ते सांगतं, निम्म्या वेळा ड्रॉइंग मार्चपर्यंत होतात आणि दहातल्या नऊ वेळा जूनपर्यंत. मीटिंगच्या मिनिट्समध्ये मात्र मार्च लिहिला जातो. म्हणून हल्ली मी आधी जून सांगतो, आणि मार्च कुणी विचारलाच तर.